मामा, बावखल आणि मरणाची घंटा

स्वतःच्या मरणाची घंटा स्वतःच्या कानांनी ऐकलेला माणूस आमच्या वसईत एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. घंटा वाजायला कारण मी. रविवारी चर्चमधली पहिली मिस्सा, म्हणजे सकाळची प्रार्थना, आटोपून मी मामांच्या वाडीवर गेलो होतो. घरात न डोकावता सरळ केळींमधून बावखलाकडे उतरलो. (बावखल म्हणजे वाडीतलं आमचं गोड्या पाण्याचं तळं, पावसाचं पाणी त्यात साठतं आणि उन्हाळ्यात वाडी त्याच्यावर जगते.) तर तिथं काठावरच्या दगडी पायरीवर मामा पालथे पडलेले. हात पुढे, तोंड गवतात, एक चप्पल पाण्यावर तरंगतेय. ‘‘मामा!’’ म्हणून दोनदा ओरडलो. हूं नाही की चूं नाही. शहाण्या माणसानं जवळ जाऊन नाडी पाहिली असती. मी मुळात हबकणाऱ्यांतला. घरात पाल पडली तरी बायको आधी मला पाणी देते. मी पळत रस्त्यावर आलो. समोरून चर्चची घंटा वाजवणारा सायकलवरून घरी चाललेला. त्याला म्हटलं, ‘‘मामा गेले!’’ तो कर्तव्यदक्ष माणूस. एक शब्द न विचारता त्यानं मयताची घंटा वाजवायला सायकल चर्चकडे वळवली.

पण मामा तिथं पालथे का पडले होते हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

मामा हे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. लहान वस्तू मोठ्या करून बघायचा नाद त्यांना कधी लागला हे खुद्द मामीलाही सांगता येत नाही. जेवायला बसले की आधी बोंबलाच्या डोळ्यात डोळे घालून बघणार, मग खाणार. लग्नात वधूवरांना शुभेच्छा द्यायला गेले की वधूच्या हातातल्या गुच्छात नाक खुपसून उभे. मागे रांग खोळंबलेली आणि हे आतल्या मुंगीला वाट करून देताहेत. माझ्या नातीच्या बाप्तिस्म्याचे फोटो काढायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली. कॅमेऱ्याची जुनी लेन्स उलटी बसवून ते चर्चभर फिरत होते. चार दिवसांनी फोटो आले. बाळाची एक पापणी, मेणबत्तीवर बसलेली एक माशी, केकच्या साखरेवर चढणारा एक मुंगळा, आणि फादरांच्या अंगठ्याचं नख. बाळाचे आईबाप एकाही फोटोत नाहीत. माझी सून रडकुंडीला आली. मामा शांतपणे म्हणाले, ‘‘अगं, आईबाप रोज दिसतात. ही पापणी पुन्हा एवढी राहणार आहे का?’’ सून आणखीच रडली, आणि पापणीचा तो फोटो आता तिच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे.

मागच्या वर्षी मामांच्या चुलतभावांनी ठरवलं की बावखल भरून तिथं लग्नाचा हॉल बांधायचा. जागा सामाईक, बाकी सगळे राजी. एकट्या मामांच्या ‘नाही’नं काही अडणार नव्हतं. मुहूर्त ठरला: ईस्टर झाला की भराव. मामा भांडले नाहीत, याचाच मला पहिला धक्का बसला. ते एवढंच म्हणाले, ‘‘पाण्यातून चतुर बाहेर येतो ना, पाठ फाडून, नवा कोरा, त्याचा फोटो हवा मला. आता हा शेवटचा उन्हाळा.’’ चतुर म्हणजे लहानपणी आपण शेपटीला दोरा बांधायचो तोच. तो आधी पाण्यात राहतो हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, दुसरा धक्का.

उलट्या लेन्सनं ते जमेना. तिला किड्याच्या इतकं जवळ न्यावं लागे की किडा आधी मामांना बघे आणि मग पाण्यात उडी मारी. म्हणून बारीक किडा लांबूनही मोठा दाखवणारी खरीखुरी मॅक्रो लेन्स घ्यायची ठरली; तीही हातानं फोकस करायची आणि परवडणारी. परवडणारी म्हणजे काय, याची मामांची व्याख्या होती, ‘‘जिची खरी किंमत घरी सांगता येते ती.’’ त्या एका वाक्यापायी मी त्यांच्याबरोबर किती दुकानं हिंडलो ते विचारू नका. दुकानदार हौसेनं आपोआप फोकस करणारी महागडी लेन्स पुढे करायचा. मामा तिला हातसुद्धा लावायचे नाहीत. ‘‘इतक्या जवळून तिला काय कळतंय? पुढं-मागं घुरघुरत बसते बिचारी. आपण फोकसची चक्री एका जागी ठेवायची आणि स्वतःच डुलायचं. डोळा स्पष्ट दिसला की दाबायचं.’’ एवढं बोलून ते काउंटरवर पुढं-मागं डुलून दाखवत. मग खिशातून काडेपेटी निघे आणि तिच्यातून मेलेला नाकतोडा. एका दुकानातली बाई किंचाळून आतल्या खोलीत गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

एक नवी लेन्स खरोखर स्वस्त होती. मामांनी ती नाकतोड्यावर धरली आणि परत दिली. ‘‘हिचा पल्ला आखूड. किड्याच्या मिशीला जाऊन टेकायला लागतं, वर माझीच सावली पडते त्याच्यावर.’’ दुसरी जुनी, लांब पल्ल्याची, पण चक्री अशी घट्ट की फिरवताना कॅमेराच फिरायचा. तिसरीच्या काचेत आतून पांढरी जाळी. आपल्या खाऱ्या हवेनं बुरशी धरलेली. इकडे दिवस चाललेले. ईस्टरच्या आधीचा उपासकाळ लागला, वाडीत मातीच्या गाड्यांसाठी रस्ता आखून झाला, आणि मामा अजून नाकतोडा घेऊन फिरताहेत. शेवटी मीच घाबरून म्हटलं, ‘‘मामा, कुठलीतरी घ्या! चतुर काय तुमच्यासाठी थांबणार आहे?’’ मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना कुठलीतरी बायको करा म्हणालो होतो.

मग एका निवृत्त फोटोग्राफरच्या घरी ती मिळाली. अख्खी धातूची, जुनी, लांब पल्ल्याची. चक्री फिरवली की अशी सावकाश फिरे की मामांनी डोळेच मिटले. नाकतोडा त्यांनी काडेपेटीतून काढलासुद्धा नाही. किंमत ऐकून मी मात्र खुर्चीत बसलो. घरी त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही, आणि मामीनं लेन्सकडे बघून ‘‘बरी हाय’’ एवढंच म्हटलं. मामी पाचूबंदरची, कोळ्यांच्या घरातली. तिचं एवढ्यावर थांबणं हा तिसरा धक्का. बुरशी नको म्हणून लेन्स तांदळाच्या डब्यात राहू लागली. मामी भाताला तांदूळ काढताना ती बाजूला ठेवी आणि पुन्हा पुरून टाकी.

तर, तो रविवार. मी मामीला घेऊन बावखलावर पोचलो तोवर घंटा सुरू झाली होती. एक ठोका, मग जीव खालीवर होईल एवढी शांतता, मग दुसरा. घंटावाल्यानं वाटेत नाव सांगितलेलं, त्यामुळे वाडीवाडीतून माणसं धावत आली. चुलतभाऊ आले, टोप्या काढून उभे राहिले. फादर अर्धवट झगा घालून आले. आमच्याकडे रडणाऱ्या बाईला धरून ठेवायची पद्धत आहे, म्हणून दोघी शेजारणींनी मामीला घट्ट धरलं, नाहीतर तिनं तेव्हाच मामांना हलवलं असतं. आणि मामीनं टाहो फोडला, ‘‘आवो, उठा वो! मी तुमाला किती बोल्ली! असा गरीब मानूस मला आखं बंदर धुंडून गावला नसता! आनि त्या भिंगाची खरी किंमत मला पयल्या दिसापासून ठाव हाय! मी काय बोल्ली का? बोल्ली का मी?’’

मी मामांच्या उजव्या कानाकडे बघत होतो. तो कान हळूहळू लाल झाला.

मेलेल्या माणसाचा कान लाल होत नाही एवढं मलाही कळतं. तेवढ्यात गवतातून, मान न हलवता, मामा कुजबुजले, ‘‘घंटा कोणाची वाजतेय? कोण गेलं?’’

मामीच किंचाळली, ‘‘तुमी!’’

‘‘मग जरा गप उभे राहा सगळे,’’ मामा म्हणाले. ‘‘पंख उघडतोय.’’

आणि खरंच सगळे उभे राहिले. अंत्यविधीला जमलेलं गाव, घंटा चालू, आणि पाण्यातून वर आलेल्या एका काडीवर तो चतुर. खाली रिकामी फाटकी कातडी, वर हा ओला, फिक्का, चुरगळलेला. पंख कागदासारखे उलगडत गेले. गवतात लपलेल्या कॅमेऱ्याला डोळा लावून मामा श्वास धरून नखभर पुढे, नखभर मागे डुलत होते. फादरांनीसुद्धा पुस्तक मिटलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग चतुर थरथरला आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून उडून गेला. थोरल्या चुलतभावानं टोपी हातातच ठेवून विचारलं, ‘‘असं दरवर्षी व्हायचं इथं?’’

‘‘आपल्या आज्याच्या आधीपासून,’’ मामा म्हणाले आणि उठून चप्पल शोधू लागले. मामीनं आधी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

गोष्टीत असतं तर बावखल वाचलं असतं. ईस्टर झाला आणि गाड्या आल्या. थोरला चुलतभाऊ त्या दिवशी वाडीत फिरकला नाही, एवढंच. पहिली माती पाण्यात पडली तेव्हा मामा काठावर उभे होते. कॅमेरा आणला नव्हता. लेन्स तांदळातच होती.

संध्याकाळी मी आणि बायको चालत घरी निघालो. चर्चसमोरून जाताना माझी मान आपोआप खाली गेली. त्या घंटेची लाज अजून जात नाही. बायकोला म्हटलं, ‘‘उगाच वाजवायला लावली मी ती.’’

तिनं वळून वाडीच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाली, ‘‘उगाच नाही हो. मयत त्याच वाडीतलं होतं. तुम्ही नाव तेवढं चुकीचं सांगितलंत.’’