पटक्याची झडती

संक्रांतीनंतरचा सोमवार, १९७९. जिनिंगचं फाटक, सकाळची पाळी. हजर: मॅनेजर, ऑफिसच्या खिडकीत. म्हातारे जमादार, पाळी दुपारची तरी फाटकाजवळच्या बाजेवर. मागच्या भिंतीवर नवा पहारेकरी. फाटकात मी. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, पार जिंतूर रस्त्यापर्यंत.

त्या दिवशी काय ठरायचं होतं ते आधी सांगतो. जमादारांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. त्यांची नजर अधू झाली होती आणि हंगाम संपला की ते घरी बसणार होते. त्यांच्या जागी मला घ्यायचं की बाहेरून माणूस आणायचा, हे मॅनेजर त्या पाळीवरून ठरवणार होते. "एक काडेपेटी आत जाता कामा नये आणि फाटकावर एक भांडण होता कामा नये," एवढीच अट. जमादाराला शिट्टी आणि चामडी पट्टा मिळायचा. मला हवी होती त्यासोबत मिळणारी आवारातली खोली. आदल्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, त्यात गावाबाहेरची आमचीही होती. तेव्हापासून बायको आणि दोन मुली परभणीत मेहुण्याच्या ओट्यावर दिवस काढत होत्या.

तोवर मी मागची भिंत राखत होतो. तिथे कुणाला हात लावावा लागत नाही. फाटकावर लावावाच लागतो. कापसाला एक ठिणगी पुरते, म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाची झडती. आमच्याकडचा शेतकरी बिडी-काडी खिशात ठेवत नाही, घामाने ओली होते. तो ती पटक्याच्या घडीत खोचतो. चाचा उजवा हात पटक्यावरून फिरवायचे, मग कमरेवरून, आणि "चलो" म्हणायचे. सापडलेल्या काडेपेट्या पत्र्याच्या डब्यात, जाताना परत.

मी तयारी केली होती. फाटकाचं एकच दार उघडं ठेवलं. डबा डाव्या हाताशी. दोन गाड्यांत एका बैलजोडीचं अंतर. पहिल्या काही गाड्या मुकाट गेल्या. ती माणसं मला ओळखत नव्हती.

मग बोरीकडच्या एका जमीनदाराच्या तीन गाड्या आल्या. मालक पुढे चालत होता. मी हात उचलला तसा तो एक पाऊल मागे सरला. त्याला माझं गाव माहीत होतं, वस्तीही.

"हात खाली घे."

"मालक, झडती समद्यांचीच हाय."

"समद्यांची असंल. चाचाला बोलीव." मग गाडीवानांकडे वळून मोठ्याने, "आधी नाव बदलायला निघाले. आता आमचे पटके बी उतरवायलेत का रे?"

गाडीवान हसले. एकाने जुवावरचा आसूड हातात घेतला. खिडकीत मॅनेजर उभे राहिलेले मला दिसले.

चाचा बाजेवरून उठले. "तू हट बेटा. मैं देखता."

त्यांच्या मनात माझं भलंच होतं. पण त्यांचा हात त्या पटक्याला लागला असता, तर माझी खोली गेली असती.

"चाचा, बसा तुमी," मी म्हणालो. त्यांना असं मी कधी बोललो नव्हतो. मग मालकाला म्हणालो, "गाड्या जरा कडंला घ्या. मागच्यांचा खोळंबा व्हायलाय. चाचांची पाळी दुपारी हाय, त्यांनाच झडती द्यायची असंल तर तवर थांबा."

"मी थांबू?"

"न्हाई तर आता द्या. दोन्ही तुमच्याच हातात हाय."

आसूडवाला गाडीवरून खाली उतरला.

तेवढ्यात रांगेत मागून आवाज आला. "मालक, तुमचं चालू द्या सावकाश, पर बैलं सरकवा की! काटा जेवायला बंद झाल्यावर आमी काय करावं?" पोखर्णीकडचा एक लहान शेतकरी होता. त्याला ना माझी बाजू घ्यायची होती ना मालकाची. त्याला माप करून घरी जायचं होतं. पुढे येऊन त्याने स्वतःच पटका सोडला आणि माझ्यासमोर झाडला. बिड्यांचा कट्टा पडला, काडेपेटी पडली, अडकित्ता पडला, सुपारी घरंगळली.

"पटका हाय का किराणा दुकान?" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"दुकानच हाय बाबा. पर उधारी बंद हाय!"

रांग हसली. त्याची गाडी आत गेली. मागच्यांनीही आपापले पटके झाडले. मालक कडेला उभा राहून आत जाणाऱ्या गाड्या बघत राहिला. मग आला. हातभर अंतरावर थांबला, पटका काढला, झाडला. काडेपेटी आम्हा दोघांच्या मध्ये पडली. तो वाकला नाही. मी उचलली, डब्यात टाकली.

"कंबर," मी म्हणालो.

त्याने कोपरी वर धरली आणि जागच्या जागी फिरला. "बघितलंस?"

"बघितलं. जाऊ द्या गाड्या."

पाळी सुटल्यावर मॅनेजरांनी बोलावलं, शिट्टी हातात दिली. "छान केलंस. उद्यापासून हीच पद्धत. ज्याने त्याने आपला पटका झाडायचा. कुणी कुणाला हात लावायचा नाही. तंटाच नको."

पद्धत चांगली होती, हे मी आजही म्हणेन. रांग भराभर सरके, आणि चाचपलेल्या पटक्यापेक्षा झाडलेला पटका जास्त ओकतो. मी जमादार असेपर्यंत आत आग लागली नाही.

चाचा मात्र बाहेर थांबले होते. "मुबारक हो," म्हणाले. मग हळूच, "मी इतकी सालं हात लावला, तवा कुणाला पद्धत सुचली न्हाई. आजच कशी सुचली रे?"

"विचारतो साहेबांना," मी म्हणालो.

खोली हातात येईपर्यंत थांबायचं ठरवलं. खोली आली, बायको-मुली आल्या. मग मुली शाळेत रुळेपर्यंत थांबलो. मॅनेजर आता निवृत्त होऊन परभणीतच राहतात. त्यांच्या गल्लीवरून मी जातो. शहरात निघालो की कामं ओळीने लिहून घेतो: औषधं, बँक, थोरलीकडे डबा, मॅनेजरांची भेट. पहिली तीन उरकतात.