गणपती पाण्यात होता तेव्हा

सिंगापूरच्या बिशान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये देवघर म्हणजे फ्रिजच्या वरची एक फळी. तिच्यावर माझ्या माहेरचा पितळेचा गणपती. आमचे हे त्याच्याकडे कधी ढुंकून बघत नसत. त्यांचं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, नंतर हार्बरफ्रंटच्या ऑफिसात. इंजिनरूममध्ये प्रेशर बघतात, मुहूर्त बघत नाहीत, असं मला ऐकवायचे. निवडणुकीत कुणी देव पाण्यात घालून बसलाय अशी बातमी आली की इतके हसायचे की हातातला चहा सांडायचा. म्हणून एका सकाळी वरणाचं पातेलं शोधताना मला ते फळीवर सापडलं आणि आत गणपती बुडालेला दिसला, तेव्हा आधी मला रागच आला. भीती नंतर वाटली.

आदल्याच दिवशी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातले एक वयोवृद्ध न्यायाधीश वारले होते. ना ओळख ना पाळख, पण सुतक आमच्या घरात. कारण आमची एकुलती एक लेक तिकडे होती. बिशानच्या शाळेत शिकली, पुढे तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. पक्की नोकरी नाही, म्हणून कंपनीचा विमा नाही आणि अंगात रक्ताचा एक चिवट आजार. असा जुना आजार असला तरी विमा नाकारता येणार नाही, असा एक कायदा तिकडे होता आणि तिची महागडी औषधं त्या कायद्याच्या जिवावर चालली होती. तोच कायदा रद्द करा म्हणणारा खटला त्या कोर्टापुढे होता. रिकाम्या खुर्चीत सत्ताधाऱ्यांच्या पसंतीचं माणूस बसलं की कायदा गेलाच, हे ह्यांचं गणित. मी पातेल्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "कायदा तेवढा राहू दे म्हटलंय त्याला. बाकी काही मागितलं नाही." इंजिनिअरचा नवस, मोजूनमापून केलेला.

त्या दिवसापासून तिकडचा विरोधी पक्ष 'आपला पक्ष' झाला. आमचं तिथे मत नाही. पासपोर्ट भारताचा, राहणं सिंगापूरचं आणि झोप उडालेली वॉशिंग्टनपायी. शनिवारी इथल्या ईस्ट कोस्ट पार्कात, समुद्राकाठी आमच्याबरोबर चालायला पुण्याचे एक आयटी मॅनेजर येत. पुण्याचे असल्यामुळे त्यांना सगळं माहीत होतं. निवडणूक होईपर्यंत खुर्ची रिकामी ठेवायची, हा म्हणे आपला डाव. नव्या न्यायाधीशाला सिनेटची मंजुरी लागते, तेव्हा तिथे हरकती घ्यायच्या, कामकाज लांबवायचं आणि समोरचे चार सिनेटर फोडायचे. फोडाफोडी महाराष्ट्राच्या माणसाला शिकवावी लागत नाही. "चौघांना उचलून एखाद्या रिसॉर्टवर नेऊन ठेवायचं आणि फोन काढून घ्यायचे," आमचे हे म्हणाले, आणि थट्टेनं म्हणत नव्हते. हॉकर सेंटरच्या खाऊच्या गाळ्यांवर कॉफी पिताना दोघं त्या सिनेटरांबद्दल असे बोलायचे, जसे काही ते आपल्या गल्लीतले नगरसेवक. मला दोघांचाही वैताग यायचा, आणि मीही कान टवकारून ऐकायचे.

खरं तर मला एकच करावंसं वाटत होतं. विमानात बसावं आणि पोरीकडे जावं. पण त्या वर्षी साथीपायी सगळे देश दारं लावून बसले होते. मग रोज सकाळी व्हिडिओ कॉल. ती विचारायची, "आई, आज जेवायला काय?" आणि मागून हे, "तुमच्या राज्याच्या सिनेटरला ईमेल केलास का?" एकदा मी फोन फिरवून तिला पातेलं दाखवलं. हसता हसता तिला ठसका लागला.

"बाबा, काढा त्याला बाहेर. तो तुमच्यासारखा सेलर नाही लाह, त्याला बोट लागेल!" इतकी वर्षं तिकडे राहूनही तिच्या तोंडचं सिंगापुरी 'लाह' सुटलं नव्हतं.

"कायदा वाचला की काढतो," हे म्हणाले.

"आणि नाही वाचला तर?"

ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. ती म्हणाली, "बाबा, आज कोर्ट नको ना. मला ती बोटीवरची व्हेल माशाची गोष्ट सांगा." ह्यांनी सांगितली, पण लक्ष टीव्हीच्या खालच्या पट्टीवर होतं.

नव्या न्यायाधीशांसाठी सिनेटमध्ये मतदान झालं तेव्हा आमच्याकडे सकाळ होती. चौघं काही फुटले नाहीत. खुर्ची भरली. ह्यांनी टीव्ही बंद केला आणि रोजच्यासारखं पातेल्यातलं पाणी बदललं. पितळेवर हिरवट डाग पडायला लागले होते.

"आता काढा हो त्याला," मी म्हटलं.

"खटल्याचा निकाल कुठे लागलाय अजून?" म्हणाले.

निकाल लागायच्या आधी लेक गेली. थंडीत ताप आला, तो छातीत उतरला आणि आजारानं पोखरलेलं अंग त्याला पुरं पडलं नाही. विम्यानं काही अडवलं नाही. चांगलं हॉस्पिटल मिळालं, हवी ती औषधं मिळाली. कोर्टाचा, पक्षाचा, कुणाचाच त्यात संबंध नव्हता. आम्ही तिला निरोप दिला तो टॅबच्या पडद्यावर, सोफ्यावर बसून. मध्येच चित्र अडकलं तेव्हा हे धावत जाऊन राउटर बंद-चालू करत होते. आईनं लेकीला असं पोचवू नये. ह्याहून जास्त मला त्याबद्दल बोलवत नाही.

पातेलं फळीवर तसंच राहिलं. मी त्याला हात लावला नाही. हे रोज पाणी बदलत राहिले, का ते मी विचारलं नाही. वरण मी दुसऱ्या भांड्यात करायला लागले.

कोर्टाचा निकाल पुढे कितीतरी महिन्यांनी आला. कायदा राहिला. ज्यांना अडवण्यासाठी चौघांना रिसॉर्टवर न्यायचं होतं, त्या नव्या न्यायाधीशांनीही कायदा राहू देण्याच्याच बाजूनं मत दिलं होतं. शनिवारच्या ग्रुपवर पुण्याच्या गृहस्थांचा मेसेज आला, 'जिंकलो!' मग त्यांना आठवलं असावं. माझ्या डोळ्यांसमोरच मेसेज पुसला गेला. बिचारे. फोन केला नाही ते बरंच केलं.

हे स्वयंपाकघरात गेले. गणपती पाण्यातून काढला आणि चिंच लावून घासला. हे काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. मग फडक्यानं कोरडा करून त्याला फळीवर ठेवलं आणि रिकामं पातेलं माझ्या हातात दिलं.

"आता कशाला काढलात?" माझा आवाज चढला. "आता काय उरलंय?"

"त्याचं काही चुकलं नाही," हे म्हणाले. "मागितलं ते त्यानं दिलं. मी कायदा मागितला गं. पोरीचं नाव घ्यायचं राहिलं."