चौथा मजला

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी पोरांना उंच डोंगरांच्या देशात फिरायला न्यायचं ठरवलं, आणि आपल्याच जिवाला घोर लावून घेतला. तिथली हवा विरळ, आणि धाकटीची छाती लहानपणापासून नाजूक. म्हणून सरावाला रोज संध्याकाळी इमारतीचे सहाही मजले जिन्याने चढायचे. लिफ्टवाल्याचीच पोरं जिन्याने, म्हणून शेजारी दात काढत. काढू देत मेले!

थोरला सुसाट वर जाई. धाकटी मात्र चौथ्या मजल्यावर फतकल मारून बसे. मागून येणाऱ्या मिस्त्रींच्या काळजात धस्स होई. तिच्याशेजारी टेकून ते तिची पाठ चोळत राहत.

महिन्याभराने ते बायकोला म्हणाले, "बेत रद्द करू. पोरीला नाही झेपायचं."

ते ऐकलं मात्र, धाकटी तडक जिन्याकडे धावली. सहा मजले चढून उतरली, तरी जराही दमली नव्हती.

"मग रोज बसायचीस कशाला गं?" मिस्त्री खेकसले.

तिचे डोळे भरून आले. "चौथ्या मजल्यापर्यंत तुम्हाला किती धाप लागते, बाबा! मी बसले तरच तुम्ही बसता."