परीक्षकाचं पत्र

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही, घरात त्यावरून चेष्टा होते — पण हे राहिलं. वीस वर्षं होत आली. आज तुमच्यापाशी बोलते आहे, तर मध्येच अडखळले, इकडचं तिकडचं सांगायला लागले, तरी ऐकून घ्या.

मी पेटंट एजंट. नाशिकला शरणपूर रोडवर दोन खोल्यांचं ऑफिस. कोणी काही नवीन शोधून काढलं की त्याचा अर्ज लिहायचा, मुंबईच्या पेटंट ऑफिसात दाखल करायचा, तिथला परीक्षक जे विचारेल त्याला उत्तर द्यायचं — हे माझं काम. त्या वेळी आमच्या शहरात हे काम करणारी बाई मी एकटीच, निदान मला तसं वाटायचं. आणि त्याचा मला माज होता. अभिमान नव्हे, माजच.

चांदवडला कॉम्प्युटर क्लास चालवणारा दत्तू तेव्हा माझ्याकडे आला. सोबत त्याची मोठी बहीण, मंदाताई. तिचे हात जन्मापासून थरथरायचे. बी. ए. झालेली, हुशार, पण माऊस धरला की पडद्यावरचा बाण सैरावैरा पळायचा. दत्तूने तिच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो काही दिवस नुसता तिचा हात बघायचा — कुठे जायचं होतं, कुठे गेला — आणि हळूहळू ती थरथर शिकून घ्यायचा. मग तेवढी थरथर वजा करून बाण नीट न्यायचा. माझ्या टेबलावर मंदाताईने पडद्यावरची अक्षरं एकेक दाबून स्वतःचं नाव लिहिलं. एकही अक्षर चुकलं नाही. मी समोर बसून बघितलं ते.

पुण्याच्या एका कंपनीने दत्तूला सांगितलं होतं, पेटंट मिळवा, आम्ही हे घेतो, आणि तुमच्या बहिणीला नोकरीही देतो. मंदाताईला घराबाहेर पडायचं होतं. त्या अर्जावर तिचं सगळं अवलंबून होतं आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

प्रोग्रॅम शिकतो कसा, हे दत्तूने मला तीनदा समजावलं. “लय सोपं हाय, मॅडम,” म्हणत. मला ओ का ठो कळलं नाही. मग विचारायचं ना? ‘नाही समजलं, पुन्हा सांगा’ — एवढंच तर म्हणायचं होतं. पण चांदवडच्या क्लासवाल्यापुढे कसं म्हणायचं? मी मान डोलावली. आणि लिहिताना दुसऱ्याच कुठल्या जुन्या अर्जातली जडजड वाक्यं उचलून भरली. यंत्र आपोआप शिकते, असं लिहून मोकळी झाले.

पुढे परीक्षकाचं पत्र आलं. आता मुद्द्यावर येते — येतेच आहे.

काय होतं त्यात? असं आधी कोणी केल्याचं आम्हाला आढळलं नाही, हे पहिलं. मग हरकत. नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट देता येत नाही, तेव्हा हा नुसता प्रोग्रॅम नाही हे दाखवा. यंत्र हाताची थरथर नेमकी कशी शिकतं, ते लिहा. उत्तराला एक वर्षाची मुदत. तेवढ्यात उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

म्हणजे सगळं संपलेलं नव्हतं हो. दत्तूला एक फोन केला असता तर त्याने दुसऱ्या दिवशी चार पानं लिहून आणली असती. पण त्याने विचारलं असतं, हे तर मी सांगितलं होतं, अर्जात नाही का लिहिलं? आणि मग त्याने अर्ज वाचला असता. मी पत्र फाइलला लावलं. उद्या बघू. दिवाळी झाल्यावर बघू. दर महिन्याला दत्तूचा फोन यायचा आणि मी म्हणायचे, “सरकारी काम आहे, वेळ लागतो.” पत्र आल्याचं सांगितलंच नाही. वर्ष सरलं. अर्ज मेला.

एवढंच असतं तर निष्काळजीपणा म्हणून खपवलं असतं. पण मी तिथे थांबले नाही.

एका दुपारी ती दोघं एसटीने आली. मी चहा मागवला, आणि तो यायच्या आतच सांगून टाकलं, “नामंजूर झाला. परीक्षक म्हणतात, यात नवीन काही नाही.”

कळलं का तुम्हाला, मी काय केलं? त्या पत्रातली जी एक गोष्ट दत्तूच्या बाजूची होती, तीच उलटी करून त्याच्या तोंडावर मारली. मुदत गेली म्हटलं असतं तर दोष माझा ठरला असता. नवीन काही नाही म्हटल्यावर तो दत्तूच्या डोक्याचा ठरला. हे मी तोंडातून चुकून निघालं म्हणून बोलले नाही. आठ दिवस आधी ठरवून ठेवलं होतं.

“त्यांनी तपासलं म्हंजे बरोबरच असंल,” दत्तू म्हणाला. कागदसुद्धा मागितला नाही. मंदाताई मात्र माझ्याकडे बघत राहिली. चहा तिने घेतला नाही. परक्यांसमोर ती कप धरायची नाही.

“नवीन नाय,” ती म्हणाली, “तर मग माझा हात इतकी वर्षं कुणालाच कसा नाय कळला?”

“ताई, मुंबईच्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं,” मी म्हटलं. असं म्हटलं मी तिला.

कंपनीने विषय संपवला. दत्तूने तो प्रोग्रॅम पुढे नेलाच नाही. क्लासमध्ये टायपिंग शिकवत राहिला. मंदाताई घरीच राहिली.

दोन-तीन वर्षांनी दत्तूचा एकदा फोन आला. परदेशातल्या कुणी तसलाच प्रोग्रॅम काढल्याचं त्याने पेपरात वाचलं होतं. आवाजात राग नव्हता, उलट मोकळा वाटला. “परीक्षक बरोबर होते, मॅडम,” तो म्हणाला. “हे भाईर व्हतंच. ताईला वाचून दाखवलं. ती उगाच तुमच्यावर संशय घेत व्हती, आता नाय घेत.”

मी म्हणाले, “असू द्या हो.”

त्याने माझे आभार मानले आणि फोन ठेवला.