दुसरी हाक

भुताची मालिका भर दुपारी बघण्यात काही राम नाही, हे मला मान्य आहे. पण ती रात्री लागायची तेव्हा लातूरला नेमकी लाइट नसायची. म्हणून आम्ही तोच भाग रविवारी दुपारी परत दाखवायचे तेव्हा बघत असू. सकाळी क्लासची टेस्ट देऊन यायचं, जेवायचं आणि पत्र्याच्या तापलेल्या खोलीत घामाच्या धारा पुसत भुताला घाबरायचं, असा आमचा रविवार होता.

खोली माझ्या आत्याची. मी चाकूरहून अकरावी सायन्सला आले होते आणि वडिलांनी मला तिच्याकडे ठेवलं होतं. शिवाय दोन मुली भाड्यानं होत्या, एक शिरूर अनंतपाळची आणि एक उदगीरची. त्या काळात लातूरच्या गल्लीगल्लीत अशा मुली भरलेल्या होत्या. जिथं मोकळी भिंत दिसेल तिथं कोणत्या तरी क्लासची पाटी, आणि पाटीखाली सायकलींचा ढीग. आत्या सकाळ-संध्याकाळ आमच्यासाठी भाकरी थापायची आणि तिघींनाही 'माय' म्हणायची. 'माय, ताट घे.' 'माय, केस बांध की, जेवणात पडतेत.' आमच्याकडे लेकीबाळींना असंच म्हणतात.

आत्याचं सासर किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात तिचा नवरा आणि एकुलती एक लेक दगडमातीच्या घराखाली गेले. लेक माझ्याहून सहा महिन्यांनी लहान होती. दिवाळीत आम्ही दोघी एकत्र असलो की बाहेरच्याला कोण बोलतंय ते ओळखू यायचं नाही, इतका आमचा आवाज सारखा. मी आत्याकडे राहायला गेले तेव्हा भूकंपाला सात वर्षं झाली होती. ती त्याबद्दल कधी बोलायची नाही आणि आम्ही विचारायचं नाही, असा घरात अलिखित कायदा होता. फक्त एक गोष्ट सगळ्यांना दिसायची. आत्या घरात झोपत नसे. अंगणात पाण्याच्या हौदाजवळ तिची बाज असे, उन्हाळा असो की थंडी. पावसाळ्यात बाजेवर मेणकापड पांघरून बसून राहायची. 'भूकंपाची भीती बसलीय बिचारीच्या मनात,' असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. डोक्यावर नुसता पत्रा आहे, तो पडला तरी टेंगूळच येईल, एवढी साधी गोष्ट हिला कळत कशी नाही, असंही मला वाटायचं. सोळाव्या वर्षी मला सगळ्यांच्या भीतीवर उपाय माहीत होते.

तर ती मालिका. आता त्याला सीझन म्हणतात, आम्ही नुसतं 'नवीन भाग' म्हणायचो. पहिल्या वेळी ती मालिका चांगलीच हसरी होती. मेलेली सून घरात अदृश्य होऊन राहते, नणंदेची खोड मोडते, नवऱ्याच्या डब्यात त्याच्या आवडीची भाजी भरते. दुसऱ्या वेळी तिचं प्रेमप्रकरण. पण तिसऱ्या वेळी लिहिणाऱ्याचं काहीतरी बिनसलं असावं. गाणी गेली, विनोद गेले, पडदा सगळा काळानिळा झाला. आता त्या घरातली बुडून मेलेली मुलगी दर भागात एकदा दाराबाहेर येऊन उभी राहायची आणि एकदाच हाक मारायची, 'माँ.' आत सगळे गप्प. कुणी दार उघडायचं नाही. आई कडीपर्यंत हात न्यायची, मग भाग संपायचा.

पहिले दोन सीझन आत्यानं ढुंकूनही पाहिले नव्हते. हा मात्र ती उंबऱ्यात बसून बघायला लागली. हातात सुपलीभर तूर आणि डोळे टीव्हीवर. मुलगी 'माँ' म्हणाली की आत्याचा हात सुपलीत थांबायचा. एकदा तर ती पडद्यावरच्या बाईवर ओरडली, 'अगं ए, ओ दे की! तोंड शिवलंय का तुजं?' आम्ही तिघी हसून लोळलो. उदगीरची मुलगी म्हणाली, 'आत्या, ती ॲक्टिंग करायलीय हो.'  आत्या सुपली उचलून उठून गेली.

इथं एक रीत सांगायला हवी. अंधारात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे आमच्याकडे पोराला बोलायला लागल्यापासून शिकवतात. भूत एकदाच हाक मारतं, माणूस दुसऱ्यांदा मारतो. म्हणून दिवस मावळल्यावर कुणी नाव घेऊन बोलावलं तर गप्प बसायचं, दुसरी हाक आली की मग 'ओ' म्हणायचं. चाकूरला आम्ही सगळी भावंडं हे पाळायचो आणि शाळेत मात्र अंधश्रद्धेवर निबंध लिहून बक्षीस घ्यायचो.

मालिका आणि ही रीत मिळून आमच्या खोलीत एक खेळ सुरू झाला. दिवसभरात कधीही, कुणीही, कुठूनही एकदाच हाक मारायची. जी चटकन 'ओ' म्हणेल ती मेली. मेलेलीनं रात्रीची भांडी घासायची. शिरूरची मुलगी दर दोन दिवसांनी मरायची. आम्ही तिला भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणून चिडवायचो. मी एकदाही मेले नव्हते आणि त्याचा मला क्लासातल्या नंबरापेक्षा जास्त गर्व होता.

त्या रविवारी भाग संपला. दोघी मुली तिथंच सतरंजीवर आडव्या झाल्या, टीव्हीवर जाहिराती चालू होत्या. आत्या अंगणात पोत्यावर डाळ वाळत घालत होती. मी न्हाणीत पाय धुवायला गेले. पत्र्याच्या दाराच्या फटीतून मला तिची पाठ दिसत होती, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. आत्याला मारायचं. आजवर कुणी तिला खेळात घेतलं नव्हतं. टीव्हीतल्या मुलीचा आवाज मला हुबेहूब काढता यायचा, बारीक आणि दुरून आल्यासारखा. पण 'माँ' म्हटलं तर आत्या लगेच ओळखेल. त्याला आपल्याकडं काय म्हणतात, एवढाच विचार मी केला. त्यापलीकडे विचार केला नाही, हे मी शपथेवर सांगते, पण शपथेचा काही उपयोग नाही.

मी म्हणाले, 'माय.'

'ओ!' आत्या म्हणाली.

शब्द माझ्या तोंडातून पुरता निघायच्या आत तिची ओ आली. 'ओ गं माय! आले, आले!' पोतं तिच्या पायाखाली सरकलं, डाळ अंगणभर झाली. ती न्हाणीकडे नाही आली. फाटकाकडे धावली. फाटक उघडून रस्त्यावर गेली, डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही. दोन्ही बाजूंना बघितलं. मग परत आली आणि अंगणाच्या मधोमध उभी राहून, कुणाकडेच न बघता म्हणाली, 'कुठं हायस गं?'

मी दार उघडायला हवं होतं. तिथंच हसून 'आत्या, तू मेलीस' म्हणायला हवं होतं. तिनं मला दारातली चप्पल उचलून मारलं असतं आणि विषय संपला असता. पण फटीतून मला तिचा चेहरा दिसला. असा चेहरा मी कधी बघितला नव्हता, त्यात आनंद होता. मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

'कुठं हायस? बोल की,' ती पुन्हा म्हणाली. आणि तिसऱ्यांदा, अगदी हळू, 'बोल की गं माय. मी दिली न्हवं का ओ?'

तीन वेळा तिनं विचारलं. मी बोलले नाही.

संध्याकाळी चुलीपाशी ती आपणहून बोलली. मी समोर पिठाचा डबा घेऊन बसले होते. भाकरी थापता थापता, तव्याकडे बघत ती सांगत होती.

'त्या दिवशी मी टमरेल घेऊन वड्याकडं गेलते. उजाडायचं व्हतं. जमीन हालली तशी पालथी पडले. उठून घराकडं पळत आले तर घर कुठाय? धुरळा नुसता. गल्लीत सामसूम. कुणी रडंना का वरडंना. तवर आतून हाक आली. एकदाच. माय, म्हनून.'

तिनं भाकरी उलटली.

'अंधार व्हता. पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाई, तुला ठावं हाय. मी तोंडावर हात धरला. म्हनलं, दुसऱ्यांदा म्हनू दे, की देते ओ.' भाकरी विस्तवाला लावत ती म्हणाली, 'मंग सगळं गाव वरडाय लागलं. जो तो माय माय करायलता. दुखलं की माय, भ्यालं की माय. त्यात तिची कुठली, मला काय कळतंय? पयली तरी तिची व्हती का न्हाई, ते बी कळंना. दुपारी काढली तिला.'

मी डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. सांगून टाक, असं मन म्हणत होतं.

'लोकं म्हनतेत मी पत्र्याला भेते,' आत्या म्हणाली. 'पत्र्याला काय भ्यायचंय? आत निजलं की बाहेरचं ऐकू येत न्हाई. आन् पाऊस आला की पत्राच वाजतोय नुसता.' मग तिनं माझ्याकडे बघितलं. 'आज आली बघ दुसरी हाक. आज म्या दिली ओ.'

त्या रात्री तिनं बाज आत आणली. आमच्या तिघींच्या अंथरुणांशेजारी टाकली आणि डोळ्यांवर हात घेऊन झोपली. घोरायला लागली. सात वर्षांत ती घोरते हे कुणाला माहीतच नव्हतं.

उदगीरच्या मुलीनं दुसऱ्या दिवशी सायकलला पाय मारता मारता मला विचारलं, 'तू व्हतीस ना?' मी म्हणाले, 'छे.' तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुढं निघाली. खेळ त्या दिवसापासून बंद झाला. कुणी बंद करू म्हणालं नाही.

पुढं महिन्याभरात मालिकाही बंद पडली. एवढी काळी मालिका लोकांना नको होती. शेवट न दाखवताच तिच्या जागी हसण्याचा कार्यक्रम आला. आत्यानं मला विचारलं, 'त्या पोरीला घेतलं का घरात शेवटी?' मी म्हणाले, 'घेतलं. आईनं दार उघडलं.' एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं खोटं लागतं, तसं ते लागलं. 'बरं झालं,' ती म्हणाली आणि टीव्हीवर कापड टाकलं.

मी डॉक्टर झाले नाही. लातूरला त्या वर्षी जेवढ्या मुली डॉक्टर व्हायला आल्या होत्या, त्यातल्या बहुतेक झाल्या नाहीत. मी नांदेडला शिकले, तिथंच शाळेत लागले, लग्न केलं. लातूरला जाई तेव्हा दर वेळी ठरवून जाई की आज सांगायचं. एसटीत वाक्यं जुळवायचे. घरात पाय टाकला की आधी बाज दिसायची, आत, खिडकीखाली, तिच्यावर धुतलेली चादर. मी सांगितलं की ही बाज परत हौदाजवळ जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मी चहा पिऊन परत यायचे. तिच्यासाठी गप्प राहिले असं स्वतःला सांगायचे. निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं की तिच्या तोंडाकडे बघायची मला भीती वाटायची.

शेवटच्या दुखण्यात तिला नांदेडला आणलं. दवाखाना माझ्या घराजवळ होता, रजा टाकून मी दिवसभर तिच्याजवळ बसे. शेवटच्या आठवड्यात ती फारशी बोलत नव्हती. ओळखत होती की नाही, तेही नीट कळत नव्हतं. एके दिवशी सकाळी, अकराच्या सुमारास, मी संत्रं सोलत होते. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं. तिनं डोळे मिटूनच म्हटलं, 'माय.'

दुखत होतं म्हणून म्हणाली असेल. तिच्या आईला म्हणाली असेल. लेकीला म्हणाली असेल, किंवा मला, लातूरला म्हणायची तसं. मी संत्रं खाली टाकलं आणि म्हणाले, 'ओ.' पहिल्याच हाकेला. 'ओ आत्या, मी हाय इथं.'

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बराच वेळ बघितलं, नीट, ओळखून.

'तू न्हवं,' ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी तिच्या पाठीकडे बघत बसले. आणखी एकदा म्हणेल, मग सगळं सांगून टाकू, असं ठरवून तोंडावर हात धरून बसले होते. संध्याकाळपर्यंत बसले.