लेझमीचा न जमणारा हात

स्वरदाचं काय होणार, हा घोर शालिनीच्या जिवाला लागला तो सुटेना. पोरगी सव्वीस वर्षांची, मंडीदीपच्या कारखान्यात इंजिनिअर. पुण्याची चांगली नोकरी चालून आलेली, सोमवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा. आणि ही म्हणते, "आई, मुलांचा लेझमीचा हात बसल्याशिवाय मी भोपाळ सोडत नाही."

मुलं म्हणजे शाहपुऱ्यातल्या मराठी मंडळाची युवा शाखा. मंडळात हळदीकुंकू आणि म्हाताऱ्यांचे पत्ते एवढंच उरलं होतं, तेव्हा स्वरदा घरोघर फिरली. "हमें मराठी ठीक से नहीं आती," म्हणणाऱ्यांना म्हणाली, "लेझमीला कुठे बोलावं लागतं? या तर खरं!" मुलं आली. कुणी पडलं की दवाखान्यात हीच, कुणी नापास झालं की त्याच्या बापाची समजूत काढायला हीच. 'दीदी' म्हटलं तर ओ द्यायची नाही, 'ताई' म्हटलं की जीव टाकायची. स्वतःचं रात्रीचं जेवण मात्र कारखान्याहून परतताना बसमध्ये, डबा मांडीवर घेऊन.

गणपतीच्या मिरवणुकीसाठी खाली बसून गर्रकन वळायचा हात तिनं शिकवायला घेतला होता. महिना झाला तरी जमत नव्हता.

रविवारी शालिनी पोह्यांचं पातेलं घेऊन मंडळात गेली. स्वरदा अजून यायची होती. दारातून पाहते तर सगळी रांग एकदम बसली, एकदम वळली, एकदम उठली.

"अरे, आला की हात!"

ढोलकी थांबली. ढोलकीवरचा हर्षल ओशाळून म्हणाला, "काकू, तुम्ही काही पाहिलं नाही हं."

"म्हणजे?"

"केव्हाचा येतो. ताईसमोर मुद्दाम चुकतो. पक्का झाला ना, तर ताई पुण्याला निकल जाएगी."

"सगळ्यात छान मी चुकते," रांगेतली नेहा म्हणाली. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात स्वरदा आली. पुन्हा ढोलकी, पुन्हा रांग. वळताना नेहा नेमकी आडवी झाली. स्वरदानं तिला हात धरून उठवलं, गुडघा झटकला. "असू दे गं. परत करू." दमलेल्या चेहऱ्यावर इतकी माया, की शालिनीनं पोहे वाढायच्या निमित्तानं मान खाली घातली.

घरी येऊन शालिनीनं पातेलं घासायला घेतलं. खरं सांगावं तर पोर जाणार. गप्प बसावं तर राहणार, डोळ्यांसमोर, रोज बसमध्ये जेवत. मुलांवर रागावायचं तिनं मनात आणून पाहिलं, पण जमेना. तिलाही तेच हवं होतं, फक्त तिला लेझीम येत नव्हती.

सोमवारी दुपारी स्वरदाच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ झाली. हात बसलाय, मुलांना रागावू नकोस आणि मिरवणुकीला पुण्याहून रजा काढून ये, एवढं सांगायचं ठरवून शालिनीनं फोन उचलला.