कान कापलेल्या पिशव्या

आमच्या घरात शिळं खात नाहीत, हे मला लग्न ठरतानाच सांगितलं होतं. माझ्या वडिलांना ते फार आवडलं. बारामतीत शाळेत शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, त्यांना वाटलं घर टापटिपीचं आहे. आईला मात्र तसं वाटलं नाही. ताजं म्हणजे कुणीतरी रोज दोन वेळा करायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे कोण, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

घर पिंपळीच्या रानात. मी सरकारी दवाखान्यात नर्स, सकाळची पाळी सातची. सासूबाई होत्या तोवर आम्ही दोघी मिळून रेटत होतो. त्या गेल्या आणि भाकरीचं पीठ माझ्या एकटीच्या हातात आलं. सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. सकाळची आमटी संध्याकाळी वाढली की मामा रागवायचे नाहीत. "सकाळचं सांजंला न्हाय," एवढं म्हणायचे, ताट हळूच पुढं सरकवायचे आणि उठायचे. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. उपाशी उठलेल्या म्हाताऱ्या माणसाशी कोण भांडणार? मी मुकाट्याने पुन्हा कांदा चिरायला घ्यायची.

तर अशात माझं नाव प्रशिक्षणासाठी लागलं. नागपूरला पाच आठवडे, नवजात बाळांची काळजी. करून आलं की आमच्याकडच्या बाळांच्या कक्षाची जबाबदारी माझ्याकडे येणार होती. कमी दिवसांची, तळहाताएवढ्या तोंडाची बाळं मी बारा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली सांभाळत आले होते, आणि हे काम मला मनापासून हवं होतं. एकदा आधीही नाव लागलं होतं. तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, मी नकार दिला. या वेळी मोठ्या सिस्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता नाही म्हणालीस तर पुन्हा तुझं नाव पाठवणार नाही.

नवरा दूध प्रकल्पात पाळ्या करतो. भला माणूस आहे, पण स्वयंपाकघरात गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा हेही त्याला विचारावं लागतं. लेक पुण्याला वसतिगृहात. मग मामांनी खायचं काय? पाच आठवडे माणूस ताट सरकवत राहिला तर मी नागपूरहून परत येणार कुणाकडे?

माझ्याबरोबरच्या एका नर्सने झिपच्या पिशव्यांचा उपाय सांगितला. दिवाळीआधी मी दुकानातून चार पाकिटं आणली आणि सुट्टीच्या दिवशी कंबर कसली. मोड आलेली मटकी, तुरीची आमटी, शेवग्याचं कालवण, शेपू, कांदा-खोबऱ्याचं वाटण, मटणाचा रस्सा, पुरणाचे गोळे. सगळं आधी पूर्ण गार करायचं. पिशवीत भरताना वर दोन बोटं जागा सोडायची, कारण गोठल्यावर पातळ पदार्थ फुगतो. हवा दाबून काढायची, झिप लावायची, पिशवी ताटात आडवी ठेवून गोठवायची. गोठली की शाळेच्या पाट्यांसारख्या उभ्या रचून ठेवायच्या. बटाटा घालायचा नाही, तो नंतर भुसभुशीत लागतो. ही अक्कल मला एक पातेलंभर रस्सा वाया घालवून आली. प्रत्येक पिशवीवर मी मार्करने वार आणि पदार्थ लिहिला: सोमवार मटकी, मंगळवार आमटी. अक्षर माझं वडिलांवर गेलंय, मोत्यासारखं. फ्रीझर भरला तेव्हा मी दार उघडून नुसती बघत उभी राहिले. मला माझंच कौतुक वाटत होतं.

मामा मागे येऊन उभे राहिले होते.

"बर्फात मासं ठिवत्यात. आमटी कोण ठिवतं?"

"मामा, शिळं नाही हे. झोपवून ठेवलंय. गरम केलं की उठतं."

"उठंल तवा बघू," म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

निघायच्या दिवशी मी भाकरीचं पीठ दळून ठेवलं, शेजारच्या काकूंना दोन वेळच्या भाकरीचं सांगितलं, नवऱ्याला गोठलेली पिशवी कशी वितळवायची ते तीनदा दाखवलं, आणि स्वतःसाठी काहीच न घेता एसटीत बसले. दौंडला गाडीत बसल्यावर वडापाव खाल्ला. तेव्हा त्याचं मला काही वाटलं नाही.

पहिले चार दिवस बरे गेले, म्हणजे नवऱ्याने फोनवर तसं सांगितलं. पुढे कळलं की मामा काकूंची भाकरी दुधात कुस्करून खात होते आणि आमटीच्या पिशव्या एकटा नवरा संपवत होता. पाचव्या दिवशी दुपारी फोन आला तेव्हा त्याचा आवाज चोरटा होता.

"फ्रीझर रिकामा झालाय."

"बंद पडला?"

"न्हाय. रिकामा झालाय. मेंढरं आली हुती."

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. दिवाळी झाली की मेंढपाळ कळप घेऊन कोकणाकडे निघतात. निमगाव केतकीच्या बाजूचा एक कळप दरवर्षी आमच्या रानावरून जातो. बाजरी निघालेली असते, गव्हाची पेरणी व्हायची असते, अशा मोकळ्या रानात जाळीची वाघर ठोकून दोन दिवस मेंढरं बसवायची, म्हणजे रानाला लेंड्यांचं खत मिळतं. बदल्यात त्या माणसांना धान्य द्यायचं आणि जेवायला घालायचं. मामांसाठी तर हे नुसतं देणंघेणं नाही. ते स्वतः जवानीत मेंढरामागे हिंडलेले. वाटेवरचा मेंढका दारातून जेवल्याशिवाय गेला तर त्यांना अन्न गोड लागत नाही. सासूबाई आणि मी दरवर्षी दोन दिवस चूल पेटतीच ठेवायचो. मी वर्षभराचं सगळं ध्यानात ठेवते, नेमकं हेच विसरले.

मामांनी अंगणात तीन दगडांची चूल मांडली, मोठं पातेलं चढवलं आणि फ्रीझरमधली एकेक पिशवी फोडून त्यात टाकत गेले. मंगळवारही टाकला, शुक्रवारही टाकला. त्यांना वाचता येत नाही, आणि सतरा वर्षं या घरात राहून मी त्यांच्यासाठी मोत्यासारख्या अक्षरात वार लिहून ठेवले होते. मटकी, आमटी, शेवगा, रस्सा, सगळं एका पातेल्यात. पुरणाचे गोळेसुद्धा. पाच आठवड्यांचं जेवण दोन दिवसांत संपलं. माणसं तृप्त होऊन गेली म्हणे. जाताना त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, हे गोडसर कालवण कुठल्या गावचं?

मला हसू आलं नाही. माझा संताप झाला. नागपूरच्या वसतिगृहाच्या जिन्यात उभी राहून मी नवऱ्याला नाही नाही ते बोलले. मग खोलीवर जाऊन बॅग भरायला घेतली. आमच्या प्रशिक्षणाच्या बाईंना विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "जायचं तर जा, पण मग नाव कमी होईल." घडी केलेल्या साड्या मांडीवर घेऊन मी रडले. पुन्हा तेच. सासूबाईंच्या वेळी निदान कारण तरी मोठं होतं, या वेळी माझी बाळं मेंढरांनी खाल्ली होती.

संध्याकाळची गाडी पकडते म्हणून कळवायला फोन केला, तर मामा फोनवर आले. फोनशी त्यांचं वाकडं आहे. तो हातभर लांब धरून ते असे बोलतात की पलीकडच्या बांधावर ऐकू जावं.

"येऊ नगंस."

"मामा, तुम्ही खाणार काय?"

"भाकरी मला येती."

"तुम्हाला? भाकरी?"

"पोरी, लगीन व्हायच्या आदी आमी भाऊभाऊ मेंढरं घिऊन म्होरं जायचो. बाईमाणूस संगं न्हाय. सा जणांच्या भाकरी मी थापायचो. तुजी सासू आली, तवापासनं हात लावला न्हाय."

"मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

"कुनी इचारलं न्हाय," ते म्हणाले. "अन् घरात बाई असताना बाप्या चुलीम्होरं बसला तर लोक काय म्हनत्याल, ह्ये बी हुतं."

सतरा वर्षं. सातच्या पाळीआधी, तापात, पोटुशी असताना, परातीवर वाकून थापलेली एकेक भाकरी मला आठवली. खरं सांगते, त्या क्षणी मला मामांचा जितका राग आला तितका कधीच आला नव्हता. तो मी बोलूनही दाखवला. "तुम्हाला येत होतं, आणि तुम्ही ताट सरकवत होतात?"



"वाटंवर तीन-तीन दिसाची भाकर पान्यात भिजवून खाल्लीया मी," मामा म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "घर बांधलं तवा ठरवलं, छपराखाली हाय तवर शिळं खायाचं न्हाय. ती माजी आन हुती. त्यात तुजं हात भाजत्यात, ह्ये ध्यानात आलं न्हाय. चुकलं माजं. परवा त्या मान्सांसंगं बसून तुजं बर्फातलं खाल्लं. चांगलं हुतं. शिळ्यावानी न्हवतं. तू तितंच ऱ्हा, शिकून ये."

मी साड्या परत कपाटात ठेवल्या.

त्यानंतर उरलेल्या पिशव्या मामांनी हाती घेतल्या आणि फोनवर त्यांचे चमत्कारिक प्रश्न येऊ लागले. पिशवीत गरम भरलं तर काय होतं? मी सांगितलं, आत वाफ धरते आणि बर्फाचा खडा होतो. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवलं तर? चालत नाही मामा, पोट बिघडेल, लागेल तेवढंच एका पिशवीत भरा. लाइट गेली तर? दार उघडू नका, झाकलेलं असलं की गारवा टिकतो. एकदा नवऱ्याने कळवलं की पिशवी काठोकाठ भरल्यामुळे तिची झिप उघडली आणि फ्रीझरभर आमटी झाली. बापलेक उलथन्याने ती खरवडत बसलेत. नवऱ्याला कांदा चिरायला लावलाय, हेही त्याच फोनवर कळलं. इकडे मी काचेच्या पेटीतल्या बाळाला नळीने दूध कसं पाजायचं ते शिकत होते, आणि तिकडे म्हातारा शिकत होता. कित्येक वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

पाच आठवड्यांनी घरी आले. हातपाय धुऊन आधी फ्रीझर उघडला. तो भरलेला होता. पिशव्या उभ्या, दाटीवाटीने, थोड्या वाकड्यातिकड्या. एकीवरही अक्षर नाही. पण झिपच्या वरची जी मोकळी पट्टी असते, तिच्या कोपऱ्यावर कात्रीचे काप होते. एकीला एक, एकीला दोन, एकीला टोकच उडवलेलं.

"तुजी अक्षरं मला येत न्हाईत," मामा मागून म्हणाले. "मेंढराचं कान वळखीसाटी कापतो तसं केलं. येक खाच मटकी, दोन खाचा आमटी, टोक छाटलं ते वाटन. पयल्या दोन झिपच्या खाली कापल्या, त्या गळाल्या. मग कळलं."

खाली, एका बाजूला, तीन-चार पिशव्यांचे दोन्ही कोपरे छाटलेले होते. त्यात काय आहे, मी विचारलं. शेवग्याचं कालवण, ते म्हणाले. शेवगा मला आवडतो, हे त्यांना माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. दोन्ही कोपरे कशाला, ते मात्र सांगितलं नाही. "कळंल," म्हणाले.

पुढच्या सोमवारी बाळांच्या कक्षाची सूत्रं माझ्याकडे येणार होती. त्या दिवशी मी पाचला उठून स्वयंपाकघरात गेले तर मामा आधीच तव्यापुढे बसलेले. भाकरी माझ्यापेक्षा मोठी आणि जाड, पण टम्म फुगलेली. शेवग्याचं कालवण गरम होत होतं. डबा त्यांनी स्वतःच्या हाताने भरला, धुतलेल्या फडक्यात बांधला आणि मी चप्पल घालत होते तिथे आणून दिला.

"वाटंवर निघाल्या मान्साला घरच्यांनी भाकर बांधून द्याची असती. नागपूरला निघालीस तवा घरातल्या समद्यांचं तू करून ठिवलंस, अन् तुजी कुनी बांधली न्हाय. त्ये माज्या मनाला लागून ऱ्हायलं हुतं."

मी डबा घेतला. चपलेचा पट्टा लावता लावता विचारलं, "आणि त्या दोन्ही कोपऱ्यांचं काय?"

"आमच्या कळपात दोनी कान कापल्यालं मेंढरू असायचं. त्ये घरचं. पाव्हना येऊ दे, न्हायतर बाजार भरू दे, त्याला हात लावायचा न्हाय." त्यांनी गेटाची कडी काढून ते उघडं धरलं. "मेंढरं पुन्यांदा येतील, समदा फ्रीज वाढीन. पर त्या पिशव्या कुनाला द्यायच्या न्हाईत. त्या तुज्या."